पैठणपासून समुद्रापर्यंत होडीनं जाता येईल का? (आम्ही दोघंच, वय 56 आणि 59)

गोदाकाठची, परभणी

नमस्कार मंडळी. माझं माहेर गंगाखेडचं. आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. लहानपणी आजोबांसोबत नावेतून पल्याड जायची. भोईमामा लांब बांबू तळाला टेकवून नाव रेटायचे, अन् बांबू वर आला की त्याच्या टोकाचा काळा गाळ मी बोटानं पुसून बघायची. तो वास अजून नाकात आहे.

आमचे हे मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. आता एकच ध्यास घेतलाय. पैठणला होडी पाण्यात टाकायची, नांदेड करत राजमहेंद्रीला जायचं, तिथून समुद्र. परदेशातली जोडपी फ्रान्सच्या कालव्यांतून महिनोन् महिने होडीत संसार करतात. अमेरिकेत नद्या, कालवे अन् समुद्रकिनारा मिळून 9,600 किमीच्या आसपासचा फेरा मारतात. मग आपली गंगा तर 1,465 किमीची, असं हे म्हणायलेत. मलाही मनापासून जायचंय. पण मला पोहता येत नाही, अन् मुलं ऐकायला तयार नाहीत. कुणी असा प्रवास केलाय का? खरं सांगा.

बंधारेवाला, नांदेड

ताई, मी पाटबंधाऱ्याच्या कामावर 31 वर्षं काढली, म्हणून स्पष्ट लिहितो. सलग जाता येणार नाही. पैठणखाली नदीवर बंधाऱ्यामागून बंधारे आहेत: आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, दिग्रस, मग विष्णुपुरी, पुढं बाभळी. मधले काही सोडूनच दिले. तुम्ही म्हणता त्या फ्रान्सच्या कालव्यांत होडी वरखाली करायला जलपाश असतात, दोन दारांचे हौद. आपल्या एकाही बंधाऱ्याला ते नाहीत, कारण हे बंधारे शेतीच्या अन् पिण्याच्या पाण्यासाठी बांधले, वाहतुकीसाठी नाही. दरवेळी होडी खांद्यावर घेऊन काठानं उतरावी लागेल. तेलंगणात पोचमपाड, आंध्रात पोलावरमचं धरण, ते वेगळंच.

बंधाऱ्याच्या दरवाजाजवळ मात्र जाऊच नका. वरून पाणी स्थिर दिसतं, पण दरवाजा खालून थोडा जरी उघडा असला तरी पाणी तळातून ओढतं. वरचं पान हलत नाही अन् होडी सरकायला लागते. अर्धा किलोमीटर आधीच काठ धरायचा. दुसरं, वाळू उपसून पात्रात खड्डे पडलेत. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोलात जातं. होडी ओढत चालायची वेळ आली तर काठीनं चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका.

कालव्यातून जाऊ असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. जायकवाडीचा डावा कालवा 208 किमीचा आहे, पण अस्तर इतकं गुळगुळीत की पडलेला माणूस वर चढू शकत नाही.

वल्हंकरीण, लातूर

ताई, मी अन् माझा नवरा गेल्या जानेवारीत केरळात कोल्लमहून कोट्टापुरमपर्यंत दोघांच्या कयाकमधून गेलो. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 3 चा हा टप्पा, 168 किमी, 1993 साली जाहीर झालेला. आम्हाला 11 दिवस लागले. तुमच्या दोघांसाठी मी हाच रस्ता सांगेन, कारण त्यात नदी, कालवा, सरोवर आणि समुद्राचं खारं पाणी सगळं येतं, अन् काठावर गाव तुटत नाही.

तृक्कुन्नपुळाला जलपाश आहे. मागचं दार लागलं तेव्हा नवऱ्यानं दोर खुंटीला बांधला. काठावरच्या म्हाताऱ्यानं हातवारे करून सोडायला लावला. दोर हातात सैल धरायचा. पाणी उतरलं की बांधलेली होडी लटकते. ती शिकवण आम्हाला त्या दिवशी मिळाली. तो दोर तळहातातून इंच इंच सरकताना मला पहिल्यांदा कळलं की पाणी उतरतंय, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

वेंबनाड सरोवरात दुपारी समुद्रावरून वारं सुटतं अन् लाटा आडव्या येतात. आम्ही पहाटे सहाला निघून अकराच्या आत थांबायचो. तण्णीरमुक्कमचा बंधारा खारं पाणी कुट्टनाडच्या भातात शिरू नये म्हणून हिवाळ्यात बंद असतो. तिथल्या जलपाशाची वेळ आधी विचारून ठेवा. कोचीला मोठ्या जहाजांच्या वाटेत जाऊ नका, तेवढा तुकडा आम्ही टेम्पोत होडी घालून पार केला.

पोहण्याचं मात्र मनावर घ्या. मी 48 व्या वर्षी शिकले, चार महिने लागले. लाइफ जॅकेट घालून मुद्दाम उलटायचं, परत होडीत चढायचं, हे दोघांनी वीस-पंचवीस वेळा करा. माझा नवरा उत्तम पोहतो, पण त्याला परत चढता येत नव्हतं.

गोदाकाठची, परभणी

दोघांचेही आभार. ह्यांना तुमचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. दरवाजाजवळचं ऐकून गप्प बसले, मग वहीत लिहून घेतलं. उद्या तरण तलावात नाव घालतेय, बायकांची वेळ सकाळी सातची आहे. बंधारेवाले भाऊ, डिसेंबरात गंगाखेडजवळ सरावापुरतं पाणी राहील का?

बंधारेवाला, नांदेड

पाऊस बरा झाला अन् दरवाजे वेळेत लागले तर राहतं. पण आधी गावच्या भोयांना भेटा. जलपर्णी कुठं दाटलीय अन् कुठला खड्डा नवा आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. पहिले चार दिवस त्यांची नाव सोबत ठेवा. इंजिन लावायचा विचार असेल तर नोंदणी लागते, वल्ह्यावरच जा.