जुन्या खुर्च्यांच्या बैठका घरीच बदलतेय: कापड ताणूनही सुरकुत्या राहतात, आणि बाबांच्या खुर्चीतलं जुनं भरण फेकायचं का?

उसवण

जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या आहेत. पाच एकसारख्या, बिनहाताच्या. सहावी हातांची, त्या पाचांहून बरीच जुनी, बाबांची. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत आणि त्या खुर्चीखेरीज दुसरीकडे जेवायला बसत नाहीत. म्हणून आधी साध्या खुर्चीवर हात बसवावा आणि मगच त्यांच्या खुर्चीला हात लावावा असं ठरवलं.

पहिली खुर्ची उलटी केली, खालचे चार स्क्रू काढले, बैठक सुटून हातात आली. वरचं कापड काढलं तर खाली दुसरं कापड, आणि त्याखाली तपकिरी रेक्झीन. ते रेक्झीन बघताक्षणी ओळखलं. परीक्षेच्या दिवसांत याच खुर्चीवर अभ्यासाला बसायचे तेव्हा ते मांड्यांना चिकटायचं आणि उठताना चर्र आवाज यायचा. म्हणजे दर वेळी जुनं न काढता त्याच्याच वर नवं ठोकलेलं. रेक्झीनखाली फोम नव्हता, पिवळा भुगा होता. बोट लावलं की पीठ.

सगळं साफ केलं, ४ इंची मऊ फोम आणला, वर जाड सुती कापड घातलं आणि स्टेपल गनने एका बाजूने सुरू करून गोल फिरत पिना मारत गेले. आता चारही कोपऱ्यांत चुण्या आहेत आणि पुढच्या कडेला लाटा. बैठक दिसायला उशीसारखी फुगलेली, पण बसलं की खाली थेट प्लाय लागतं. शिवाय परत बसवताना दोन स्क्रू भोकांवर येईनात. जोर लावून बसवले, आणि ते बरोबर वाटत नाहीये.

दुसरा प्रश्न बाबांच्या खुर्चीचा. खालचं काळं कापड थोडं उचकून बघितलं. आत प्लाय नाहीच. पट्टे विणलेले आहेत, दोन तुटून लोंबतायत, त्यावर गोणपाट आणि त्यावर काळपट-तपकिरी राठ केसांसारखं काहीतरी. बाबा उजवा पाय दुमडून बसतात, त्यामुळे ते भरण उजवीकडे दबून पार चपटं झालंय. हे सगळं काढून प्लाय आणि फोम घालू का? बाबा रोज विचारतायत, खुर्ची कधी उघडणार म्हणून. मला ती बिघडवायची नाहीये.

रंधा

ताई, बाबांची खुर्ची आहे तशी राहू द्या, तिच्याबद्दल शेवटी लिहितो. पहिल्या खुर्चीचं कापड परत काढा. पिना काढायला चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, पीन उडते तेव्हा कुठे जाईल सांगता येत नाही. मी ऐन तारुण्यात मामाच्या हाताखाली हे काम शिकलो. मामा पहिले काही महिने कापडाला हातच लावू देत नसे. खुर्ची सांध्यांपासून दुरुस्त व्हायला हवी, कापड सगळ्यात शेवटी, हे त्याचं म्हणणं. आज मलाही तेच सांगावंसं वाटतं.

बैठक बाहेर आहे तोवर सांगाडा तपासा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवा, पाठ एका हाताने धरा, पुढची पट्टी दुसऱ्या हाताने, आणि तिरकी हलवा. कुठेही कुरकुर झाली की तो सांधा सुटलाय. नुसता फटीत गोंद ओतून उपयोग नाही, जुन्या वाळलेल्या गोंदावर नवा धरत नाही. सांधा हलक्या हाताने, लाकडाचा तुकडा मध्ये धरून ठोकत उघडा, जुना गोंद खरवडून लाकूड उघडं करा, मग लाकडाचा पांढरा गोंद लावून आवळा. क्लॅम्प नसेल तर चारही पायांभोवती दोरी गुंडाळा आणि मध्ये काठी घालून पीळ द्या. दोरीखाली जाड कापडाच्या घड्या ठेवा, नाहीतर लाकडावर वळ उठतात. आवळून झाल्यावर बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते एकमेकांना सारखे यायला हवेत, नाहीतर चौकट तिरकी आवळली गेलीय. मग २४ तास हात लावायचा नाही.

स्क्रू का जुळले नाहीत त्याचंही कारण बहुतेक सापडेल. बैठकीच्या फळीच्या तळाला आणि चौकटीच्या आतल्या अंगाला बघा. पेन्सिलीचा आकडा किंवा पटाशीचे छोटे चरे असतात. हाताने केलेल्या संचात प्रत्येक बैठक आपापल्या चौकटीपुरतीच बेतलेली असते. भोकं आणि कडा एकमेकींशी जुळत नाहीत. आणि स्क्रू मूळचेच वापरा. लांबीला जास्त असलेला स्क्रू प्लाय फोडून वर येतो.

तुमच्या फोमचं म्हणाल तर तो जाडीला जास्त आणि घनतेला कमी आहे. लोक जाडी विचारतात, घनता विचारत नाहीत. घनता म्हणजे एका घनमीटरला किती किलो. रोज बसायच्या खुर्चीला ३२ ते ४० ची घ्या. घनतेवर फोम किती वर्षं टिकेल ते ठरतं. तो बसायला मऊ की कडक, ही वेगळी गोष्ट, ती अंगठ्याने दाबून नाही, त्यावर बसूनच कळते. मूळ बैठकीइतकीच जाडी ठेवा, २ इंच पुरे. जेवणाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण १८ इंच आणि टेबल ३० इंच असं धरलेलं असतं. मधल्या १२ इंचांत मांड्या मावायच्या आहेत.

फोम फळीपेक्षा चारही बाजूंनी पाव इंच मोठा कापा. कापड ओढलं की कडा दबतात आणि फळीची धार बोटाला लागत नाही. कापायला लांब दातेरी सुरी, खाली न दाबता करवतीसारखी पुढे-मागे चालवायची. फोमवर पॉलिएस्टरच्या कापसाचा पातळ थर घाला. याने कडा गोलसर होतात आणि कापड फोमला अडकत नाही, त्यावरून सरकतं. तुमच्या निम्म्या लाटा इथेच जातील.

आता पिना. गोल फिरत जाणं हीच चूक झाली. कापड एका दिशेला ढकललं जातं आणि सगळी सैल जागा शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते. बैठक पालथी करा. पुढच्या कडेच्या बरोबर मध्ये एक पीन. मग समोरच्या, म्हणजे मागच्या कडेच्या मध्ये. मग डावी, मग उजवी. या चार पिना पूर्ण ठोकू नका, अर्धवट उभ्या राहू द्या, म्हणजे काढता येतील. बैठक उलटून बघा: कापडाचे उभे धागे पुढून मागे सरळ जातायत का? नसतील तर आत्ताच सोडवा. मग मध्यापासून दोन्हीकडे एकेक पीन, दर वेळी समोरच्या बाजूला तिची जोडीदार. ओढताना बोटांनी चिमटून ओढू नका, तळहाताने फोमवरून कापड सारत आणा आणि अंगठ्याने कडेशी धरा. कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे थांबा.

कोपऱ्यात कापडाचं टोक तिरकं ओढून फळीच्या मध्याकडे आणा, एक पीन. दोन्ही अंगांना जे जास्तीचं राहील त्यात आतून खाली दिसणारं कापड कात्रीने कमी करा. पण घडीच्या टोकापाशी जपून, तिथे कापलं तर वरून भोक दिसतं. मग पुढच्या कोपऱ्यांची घडी अशी घाला की तिची रेघ बाजूला जाईल, समोरून दिसणार नाही. पहिला कोपरा मला चार वेळा उघडावा लागला होता. तुम्हालाही लागला तर लागू द्या.

आणखी एक. बैठक चौकटीच्या खाचेत बसणारी असेल तर कापड फार जाड नको. फळी आणि चौकटीत जेमतेम कापडाच्या घडीपुरती फट असते. तुमच्याकडे तीन थर होते. ती बैठक दर वेळी ठोकून बसवली असणार आणि तेवढ्या जोराने चौकटीचे कोपरे उघडतात. सांधे हलत असतील तर कारण हेच.

बाबांच्या खुर्चीवर प्लाय मारू नका, एवढंच. पुढचं माझ्यापेक्षा टाचणीताईंना जास्त कळतं.

वीण

मी कापडापुरतं सांगते. पाच बैठकांचं कापड एकदम कापा. माप असं: बैठक १७ इंच रुंद असेल तर दर बाजूला २ इंच फोम, अर्धा इंच प्लाय, खाली वळवायला २ इंच. दोन्हीकडचे मिळून ९, म्हणजे २६ इंच. प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने पुढच्या दिशेचा बाण काढा. मखमल असेल तर हे विसरून चालत नाही. तिची लव मागून पुढे सपाट पडायला हवी, एक जरी खुर्ची उलटी झाली तर ती वेगळ्याच रंगाची दिसते. मोठी नक्षी असेल तर फूल बैठकीच्या मध्यावर आणून मगच कापा, भले थोडं कापड वाया जाईल.

टिकाऊपणासाठी मार्टिनडेल आकडा विचारा, कापड घासून किती फेऱ्या टिकतं त्याचा. रोजच्या वापराला २०,००० च्या वरचं बघा. परत रेक्झीनच घालायचं असेल तर प्लायला आठ-दहा भोकं पाडा. हवा बाहेर पडायला वाट नसेल तर बैठक फुगून बसते आणि शिवणीवर ताण येतो.

टाचणी

ते राठ केसांसारखं आहे ना, ते फेकू नका. आधी ते काय आहे ते बघू. एक काडी ओढून काढा आणि चिमट्यात धरून ज्योतीला लावा. केस जळल्याचा वास आला तर प्राण्याचे केस, बहुतेक घोड्याचे. कागदासारखं जळून राख झाली तर काथ्या किंवा दुसरा झाडाचा धागा. पॉलियुरेथेन फोम फर्निचरमध्ये १९५० च्या दशकात रुळला, त्याआधी बैठका अशाच भरणाच्या असत. केस असतील तर तुमच्या हातात फोमपेक्षा टिकाऊ वस्तू आहे. तो चपटा झालेला गोळा मेलेला नाही. नाकाला मास्क लावून घराबाहेर हाताने पिंजा, कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, परत पिंजा. मुठीत दाबून सोडला की वर येतो. काथ्या असेल आणि हातात चुरा होत असेल तर मात्र नवा घ्या.

पट्टे सगळे बदला, तुटलेले दोनच नको. तागाचा पट्टा टोकाशी दुमडायचा नाही आधी: मागच्या पट्टीवर ३ चुका (रुंद डोक्याचे छोटे खिळे) ठोका, मग टोक वर दुमडून आणखी २. पुढे ओढताना हाताचा जोर पुरत नाही. लाकडाच्या ठोकळ्याला पट्टा गुंडाळा, ठोकळा चौकटीला टेकवून खाली दाबा, आणि ताणलेला असतानाच चुका मारा. उभे सगळे झाले की आडवे त्यांच्यात एक वर एक खाली असे विणा. बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज यायला हवा. जुन्या चुकांनी कड चाळणी झाली असेल तर भोकांत गोंद लावलेल्या काड्या ठोकून बुजवा आणि वाळल्यावरच पुढे जा, नाहीतर लाकूड चिरतं.

पट्ट्यांवर गोणपाट. गोणपाटात सुतळीचे सैल फास घ्या, मूठ आत जाईल एवढे, आणि केस त्या फासांखाली खोचत जा. हे फास नसतील तर भरण पुन्हा एका बाजूला सरकतं. मधे थोडं उंच, कडेला घट्ट. वर साधं मांजरपाट ताणून घ्या, आकार त्यातच बसवा, मग शेवटचं कापड.

बाबा उजवा पाय दुमडून बसतात म्हणालात. उजवीकडे दोन मुठी जास्त भरा. आणि एकंदर बैठक जरा घट्टच ठेवा, या वयात मऊ बैठकीतून उठताना गुडघ्यांवर फार जोर येतो.

उसवण

तीन आठवड्यांनी लिहितेय.

रंधादादा, आकडे सापडले! फळीच्या तळाला पेन्सिलीने २ आणि मी ती ५ नंबरच्या चौकटीत कोंबत होते. दोन खुर्च्या एकदम उघडून बैठका भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, तिथे अदलाबदल झाली. आता प्रत्येक बैठकीचे स्क्रू तिच्याच नंबरच्या पाकिटात ठेवते. २ आणि ५ पूर्ण झाल्या. २ ची पुढची कड अगदी सरळ आहे. ५ चा मागचा एक कोपरा अजून मनासारखा नाही, तो परत उघडणार आहे.

बाबांच्या खुर्चीत घोड्याचेच केस निघाले. धुतल्यावर पाणी चहासारखं झालं, तीन वेळा बदललं. वाळत टाकले तेव्हा एवढासा गोळा होता, पिंजून झाल्यावर दोन बादल्या भरल्या. पट्ट्यांना दोन दिवस लागले. पहिला पट्टा टिचकीला नुसता थप्प वाजला, तो काढून ठोकळ्याने परत ताणला, तेव्हा आवाज आला. बाबा शेजारी स्टुलावर बसून एकेक चूक हातात देत होते.

उजवीकडे दोन मुठी जास्त भरल्या. परवा ते पहिल्यांदा बसले, पाय दुमडला, मग सोडला, मग परत दुमडला. म्हणाले, "डावीकडे थोडं कमी कर." वरचं कापड अजून घातलेलं नव्हतं हे बरं झालं. मांजरपाट एका बाजूने सोडवून मूठभर केस काढले.

उद्या ३ नंबर उघडते. तिचा मागचा डावा सांधा कुरकुरतोय, तेव्हा आधी गोंद.