स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत रिअल एल कुठे मिळेल?

कोथरूडकर: मे महिन्यात लेक-जावयाकडे एडिनबरोला जाणार असून तिथून फाइफ आणि हायलँड्समध्ये आठ दिवस फिरण्याचा बेत आहे. मागच्या खेपेला जावयाच्या गोल्फ क्लबात आणि वाटेतल्या तीन पबांत विचारूनही रिअल एल, म्हणजे तिकडची पिंपातली पारंपरिक बिअर, मिळाली नाही. दर वेळी गॅस भरलेली थंडगार बिअरच पुढे आली. ती तर आपल्या मुंढव्यातही मिळते. खेड्यात ही एल इतकी दुर्मिळ का, आणि शोधावी कशी?

नदीकाठ: कारण गिऱ्हाइकाचे आहे. या एलच्या पिंपात यीस्ट जिवंत असते, ती तिथेच दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेरचा गॅस न भरता, हापशासारखा दांडा ओढून ग्लासात उतरवतात. पिंप एकदा उघडले, हवा आत गेली की तीनेक दिवसांत चव उतरते. दुपारपर्यंत ठेवलेल्या नीरेसारखीच गत. नेहमीच्या फर्किन पिंपात 72 पिंट, म्हणजे सुमारे 41 लिटर मावतात, आणि हिवाळ्यात संध्याकाळी जेमतेम सहा जण शेकोटीपाशी बसत असतील, तर मालकाने ती खपवायची कशी? गोल्फ क्लबांची अडचण आणखी वेगळी. तिथे बहुतेक जण गाडीने येतात, आणि डिसेंबर 2014 मध्ये स्कॉटलंडने वाहनचालकांसाठी 100 मिलिलिटर रक्तातील मद्यार्काची मर्यादा 80 वरून 50 मिलिग्रॅमवर आणली. (आपल्याकडे ती 30 आहे, हे जावईबापूंना जरूर सांगा.)

पर्वतीपायथा: नदीकाठ यांचे म्हणणे पटते, पण निराश होण्याचे कारण नाही, जिथे गिर्यारोहक आणि पर्यटक उतरतात तिथे पिंप वेळेत रिकामे होते. ग्लेन्कोच्या क्लॅचेग इनमध्ये आवर्जून जा. अ‍ॅव्हिमोरला केअर्नगॉर्मची ब्रुअरी आहे, आणि पश्चिमेला वळलात तर लॉख फाइनच्या टोकाशी फाइन एल्स या ब्रुअरीची ‘यार्ल’ ही एल चाखा; फिकट, हलकी, लिंबूवर्गीय वासाची. 1971 साली स्थापन झालेली काम्रा ही ग्राहक संघटना दरवर्षी निवडक पबांची पुस्तिका काढते, ती जवळ ठेवा. दांड्यावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली दिसली, तर ती एल संपली किंवा अजून तयार नाही असे समजावे. शिवाय ही एल 11 ते 13 अंशांना देतात, म्हणून ‘गरम आहे’ अशी तक्रार करू नका. मी केली होती.

कोथरूडकर: आभारी आहे. ग्लेन्कोत मुक्कामच ठरवतो, म्हणजे जावयालाही घेता येईल.