यामाहा आरएक्स १००ला उघडा कोन (शंकूसारखा) फिल्टर बसवला, आता पिकअप मरतंय. जेट कोणता घालू?

पलासियाकर
गाडी १९९४ची, कार्बोरेटर मूळचाच मिकुनी व्हीएम २०. फिल्टरचा डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडावर थेट कोन फिल्टर लावला आहे. मेन जेटला (पेट्रोल मोजून सोडणारं पितळी छिद्र) हात लावलेला नाही, नीडलची (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई) क्लिप मधल्या खाचेत आहे. आयडलिंग ठीक. पण पाव ते अर्ध्या थ्रॉटलला इंजिन भकभकतं आणि पूर्ण थ्रॉटलला ओढ सपाट होते. चोक अर्धा ओढला की बरी पळते. रोज इंदूर ते सिमरोल जाणं-येणं आहे, खंडवा रोडनं. सायलेन्सर मूळचाच. किती नंबर वाढवू?

जेट_आणि_नीडल
दादा, चोक ओढल्यावर सुधारते यातच उत्तर आलं: गाडी लीन चालते आहे, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी. या कार्बोरेटरचा चोक म्हणजे हवेची झडप नव्हे, वेगळ्या वाटेनं जादा पेट्रोल सोडणारा प्लंजर. जादा पेट्रोल मिळाल्यावर बरं वाटतंय, म्हणजे एरवी कमी पडतंय. हे निस्तरेपर्यंत पूर्ण थ्रॉटल अजिबात नको. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन थंड ठेवण्यात येणाऱ्या ताज्या मिश्रणाचा मोठा वाटा असतो. लीन मिश्रणात पिस्टनचा माथा तापतो, पिस्टन फुगतो आणि एक्झॉस्टच्या बाजूनं सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. ऑटोल्यूब पंप ऑइल देत असला तरी या उष्णतेवर तो पुरा पडत नाही.

दुसरं, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. निव्वळ पेट्रोलला वजनानं १ भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे १९९४च्या जेटवर गाडी आधीच थोडी लीन होती, त्यात डबा निघाला. दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे.

जेट घेण्याआधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर चुकीच्या जागी पैसे जातील. पेट्रोल कॉकची नळी काढून बाटलीत सोडून पाहा: धार सलग हवी, थेंब थेंब नको. जाळी तुंबली असेल तर पूर्ण थ्रॉटलला हीच लक्षणं दिसतात. मग इंजिन आयडलवर ठेवून कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या मॅनिफोल्डच्या रबरावर ब्रशनं साबणाचं पाणी लावा. आयडल क्षणभर बदललं तर रबराला चीर आहे. जुन्या गाडीत हे रबर वाकवलं की आतल्या बाजूला बारीक भेगा दिसतात, बाहेरून मात्र नवं वाटतं.

आता जेटिंग. थ्रॉटलच्या मुठीवर आणि हाऊसिंगवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. मग कुठला भाग कुठे काम करतो ते कळतं: बंद ते एक अष्टमांश पायलट (आयडलचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू, पावपर्यंत स्लाइडचा (कार्बोरेटरमधली सरकती झडप) कट, पाव ते पाऊण नीडल, त्यावर मेन जेट. सुरुवात मेन जेटपासून. पितळेवर कोरलेला नंबर वाचा आणि त्याच्या वरचे तीन-चार जेट, पाच-पाचच्या फरकानं, आणून ठेवा. मोठ्याकडून लहानाकडे या. आधी इतका मोठा घाला की पूर्ण थ्रॉटलला गाडी जड होऊन थरथरेल, मग एकेक खाली. रिचकडून (पेट्रोल जास्त) चुकलं तर प्लग काळा होतो, लीनकडून चुकलं तर पिस्टन जातो.

एक खबरदारी: जेट मिकुनीचाच घ्या. मिकुनीचे षटकोनी जेट पेट्रोलच्या प्रवाहावरून नंबर धरतात, केहिन या दुसऱ्या कंपनीचे छिद्राच्या व्यासावरून. दोन्हीवर १०० लिहिलं असलं तरी ते एक नव्हेत.

मेन जमला की नीडल. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. तुमची भकभक याच टप्प्यातली आहे. शेवटी एअर स्क्रू: हलकेच पूर्ण आत, मग दीड वळण बाहेर, तिथून पाव-पाव वळणानं आयडल सर्वांत चढं होईल तिथे थांबा. बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच. दोन वळणांच्या पुढे जावं लागलं तर पायलट एक नंबर लहान घाला.

खात्रीसाठी नवा प्लग लावून गरम इंजिननं मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आठ-दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल, मग लगेच क्लच दाबून चावी बंद. प्लग काढून टॉर्चनं चिनी मातीच्या तळाशी, अगदी आत पाहा. बारीक तपकिरी कडं हवं. वरच्या टोकाचा रंग फसवतो.

काळी_माती
वरचं सगळं बरोबर, पण खंडवा रोडनं रोज जाणाऱ्या गाडीचा डबा परतच बसवा. फोर-स्ट्रोकमध्ये हवा थेट सिलिंडरमध्ये जाते. इथे ती आधी क्रँककेसमधून जाते. गाळून न आलेली धूळ पहिल्यांदा बिग-एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक) आणि क्रँक बेअरिंगला लागते, मग बोअरला. माळव्यातली उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते, स्वस्त कोनच्या जाळीतून ती आरपार जाते. खात्री करायची असेल तर कोन काढून कार्बोरेटरच्या तोंडात पांढरा कपडा फिरवा. शिवाय उघडा फिल्टर सिलिंडरमागची गरम हवा ओढतो आणि पहिल्याच पावसात पाणी पितो.

डब्यातल्या फिल्टरचा फोम मात्र नवा घ्या, जुना बोटांत चुरतो आणि तो चुरा पायलटमध्ये अडकतो. सोफ्याचा फोम कापून घालू नका, रीडमधून (इंजिनच्या तोंडाची एकेरी झडप) उलट येणाऱ्या पेट्रोलच्या फवाऱ्यानं तो विरघळतो. मूळ प्रकारचाच फोम घाला आणि तो मळला की रॉकेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात. पिळू नका, तळहातांत दाबा. सावलीत पूर्ण सुकला की दोन चमचे टू-टी ऑइल सगळीकडे मुरवून जास्तीचं दाबून काढा. रंग एकसारखा दिसला पाहिजे, ठिबकता कामा नये. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा, धूळ फोममधून कमी आणि कडेनं जास्त शिरते. धुळीच्या रस्त्यावर हे दर ५०० किलोमीटरला.

पलासियाकर
कॉकची जाळी अर्धी तुंबलेली निघाली, साफ केली. भकभक तशीच आहे. रबराला चीर आहे, नवं मागवलं. डबा परत लावतो. झाकणाला भोकं पाडली तर थोडी मोकळी होईल का?

जेट_आणि_नीडल
भोकं फोमच्या बाहेरच्या बाजूला पाडलीत तरच, आतल्या बाजूला पाडली की फिल्टर नसल्यासारखंच. आवाज वाढेल, ताकद फारशी नाही. आधी रबर बदला, डबा लावा, मूळ जेटवर चालवून पाहा. ई२०मुळे मेन पाचनं वाढवावा लागेल असं वाटतं. आणि मे महिन्यात जमवलेलं जेटिंग जानेवारीच्या पहाटे पुन्हा तपासा: ४२ अंशांपेक्षा १० अंशांवर हवा साधारण ११ टक्के घट्ट असते, तीच गाडी थंडीत लीन निघते.