लॉस एंजेलिस काउंटी: इतके मेझर, सगळ्यांवर मत द्यायचं का?

प्रश्न
अमेरिकन नागरिकत्वानंतरची पहिलीच निवडणूक. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर उमेदवारांखेरीज बरेच मेझर, म्हणजे मतदारांनी हो-नाही ठरवायचे प्रस्ताव आहेत. एखादा सोडला तर मत बाद होतं का? मंजुरीला किती मतं लागतात?

उत्तर १
बाद होत नाही. कोरा सोडा, बाकीचं मोजलं जातं. मंजुरीचं गणित मात्र वेगवेगळं: काउंटीची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, बदलायला साधं बहुमत, शाळांच्या कर्जरोख्यांना बहुधा ५५ टक्के. ठरावीक कामासाठीचा कर सुपरवायझर मंडळाने, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, आणला तर दोन तृतीयांश, नागरिकांनी सह्या गोळा करून आणला तर साधं बहुमत पुरतं. २०२४ चा मेझर ए, म्हणजे बेघरांसाठीचा अर्धा टक्का विक्रीकर, असाच सह्या गोळा करून आणलेला, साध्या बहुमताने मंजूर झाला. त्याच वर्षीच्या मेझर जी मुळे पाच सुपरवायझरांचे नऊ होणार आहेत. तेव्हा नुसतं नाव वाचून खूण करू नका, आधी काउंटी वकिलाचं विश्लेषण वाचाच.

उत्तर २
मतपत्रिकेच्या पाकिटावर सही हवीच, तीही ड्रायव्हिंग लायसन्सवर केली तशी. घाईत मराठीत केली की जुळत नाही. मग दुरुस्तीचं पत्र येतं, ते वेळेत परत पाठवा. मतदानाच्या दिवशी पाकीट टपालपेटीत टाकलं तर शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडू शकतो, मग मत धरलं जात नाही. त्यापेक्षा रात्री आठच्या आत ड्रॉप बॉक्स, म्हणजे मतपत्रिकांसाठीची अधिकृत पेटी, गाठा.

उत्तर ३
टपालाऐवजी मतदान केंद्रावर जाऊन यंत्र वापरलंत तर उमेदवारांच्या यादीखाली 'मोर' बटण दिसतं का पाहा. उरलेली नावं त्यामागे असतात. छापून आलेला कागद तपासून पुन्हा यंत्रात सरकवा, तेव्हाच मत पडतं.