एस्टिमचं इंजिन खोललंय: ६० हजारांत कॅम घालू की नुसतं मापात काम करू?

जुनी_एस्टिम
२००३ ची मारुती एस्टिम, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, कंपनीचे ८५ बीएचपी. मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात एसी लावून चढताना टेंपरेचरचा काटा लालवर गेला आणि हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील, उडालं. ब्लॉक सध्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे आहे. खोललंच आहे तर थोडा जोर वाढवावा म्हणतो. रेसिंग करायची नाही, पुण्याला जाताना टेंभुर्णीच्या पुढे ट्रक झटकन मागे टाकता आला की बास. यादी अशी: ०.५० ओव्हरसाईज पिस्टन, हेड अर्धा मिलिमीटर घासून कॉम्प्रेशन वाढवणं, हॉट कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा), फोर-टू-वन हेडर (चार एक्झॉस्ट नळ्या एकात आणणारा). माझ्या मते कॅम नसेल तर हे सगळं नुसतं रिपेअर झालं. आता हाणा.

मिस्त्रीचा_मुलगा
हाणतोच. आधी ओव्हरसाईजचं भूत उतरव. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ मिलिमीटरचा ७४.५ केलास, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५.५ तोच राहिला, तर १२९८ चे होतात १३१६. चार सिलिंडर मिळून १८ सीसी, कटिंग चहाचा एक घोट. त्यात ट्रक मागे पडत नसतो. बोअर झिजलाय म्हणून ओव्हरसाईज घालतात, हौस म्हणून नाही. वर, मध्ये, खाली, तेही आडवं-उभं, असं माप घेतलंस का?

आणि पिस्टन आधी हातात आण, मगच बोअर मारायला दे. आमचे वडील डब्यावरचा नंबर बघून कधीच बोअर मारू देत नसत. चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचे, डोक्यावर खडूने आकडा लिहायचा, ज्याचा त्याला सिलिंडर. कास्ट पिस्टनला ३०-४० मायक्रॉन पुरतात. फोर्ज्ड घेतलेस तर गॅप जास्त ठेवावा लागेल, मग रोज सकाळी गार इंजिनची टकटक ऐकत बस.

होटगीरोड_रायडर
म्हणजे सगळं स्टॉकच! मग एवढा खर्च करून काय करलालास बे? १६ व्हॉल्व्हचं हेड आहे, त्याला श्वास घ्यायला द्या की जरा. माझ्या जिप्सीत माइल्ड कॅम आहे, ४००० च्या पुढे गाडी वेगळीच वाटते. पिस्टन कास्ट घे, हरकत नाही. पण कॅम सोडू नको.

जुनी_एस्टिम
हेच म्हणतोय मी.

मिस्त्रीचा_मुलगा
४००० च्या पुढे ना? सात रस्त्याच्या चौकात किती वेळा जातोस ४००० च्या पुढे? लांब ड्युरेशनचा कॅम वर देतो ते खालून काढून देतो. त्यात आयडलला व्हॅक्यूम पडला की प्रेशर सेन्सरवर चालणाऱ्या ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं लोड आला, तो पेट्रोल सोडत बसतो. ब्रेकचा बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर.

होटगीरोड_रायडर
ओव्हरटेकला गिअर खाली पाडायचा असतो, दादा. तिसऱ्यात टाकलं की आलेच ४०००. आणि मी माइल्ड म्हणालो, रॅलीचा कॅम नाही.

मिस्त्रीचा_मुलगा
गिअर पाडायचा, हे मान्य. तेवढंच.

विजापूर_वेस
तुम्ही दोघं भांडताय, पण गॅस्केट का गेलं, हे कुणीच विचारलं नाही. माझ्या गाडीचं असंच झालं होतं. ब्लॉकचा बुच काढला तर आत पिवळट चुन्याचा थर, बोटाने खरवडला तर पापुद्रे निघाले. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेलं, दुसरं काय. त्यावर आमच्या गॅरेजवाल्याने कमाल केली, ‘सोलापूरचा उन्हाळा आहे, थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ म्हणाला. हिवाळ्यात काटा वर येईना, इंजिन गार म्हणून ईसीयू पेट्रोल जास्त देत राहिला, ॲव्हरेज बसलं.

४३ डिग्रीत घाट चढणारी गाडी आहे ही. कॉम्प्रेशन वाढवायच्या गप्पा नंतर. आधी रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, फॅनचा स्विच, आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेला कूलंट.

ऊसवाला_बार्शी
कॉम्प्रेशनला का घाबरता? आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आपल्याच उसाचं. त्याचं ऑक्टेन जास्त, नॉक, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक, होणार नाही.

विजापूर_वेस
ऑक्टेन जास्त, खरंय. पण एक भाग पेट्रोलला लागणारी हवा १४.७ भागांवरून १३.५ च्या आसपास येते. २००३ चा ईसीयू त्या हिशोबाने बनलेला नाही, ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेईल तेवढंच. जुने रबरी होज, सील आधी बदला. आणि हेड अर्धा मिलिमीटर खाली आलं की बेल्टवरचं कॅम टायमिंग मागे सरकतं. ॲडजस्टेबल पुली धरली होती का ६० हजारांत?

बलेनो_भक्त
सोडा हो सगळं. जुन्या बलेनोचं १५९० सीसी इंजिन बसवा, विषय संपला.

मिस्त्रीचा_मुलगा
आरसीवर १२९८ लिहिलंय. पुढच्या पासिंगला आरटीओला काय सांगणार, पाऊस जास्त झाला म्हणून इंजिन वाढलं? पुढे चला.

माझा मुद्दा एकच आहे, तो नीट ऐक. ब्लॉक बाहेर आहे तोवरच जी कामं होतात, त्यांत पैसे घाल. बोअर, होनिंग, क्रँकचं माप, बेअरिंग, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा साफ करणं. कॅम नंतरही बदलता येतो, त्याला ब्लॉक उतरवावा लागत नाही. रिंगचा गॅप चुकला तर मात्र सगळं परत पहिल्यापासून. ७४ च्या बोअरला वरच्या रिंगला साधारण ०.३० धर. रिंग सिलिंडरमध्ये टाक, पिस्टन उलटा धरून त्याने खाली सरळ ढकल, मग फिलर गेज घाल. लेथवाल्यावर सोडू नको, स्वतः बघ.

जुनी_एस्टिम
आज जाऊन आलो. तिसऱ्या सिलिंडरला वर-खाली ९० मायक्रॉनचा फरक. हेडवर पट्टी ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे ०.०५ मिलिमीटरचा फिलर गेज सहज शिरतो. म्हणजे ०.५० चे पिस्टन घ्यावेच लागणार, पण कास्ट. हेड सरळ होण्यापुरतंच घासायचं. पाण्याच्या वाटांतून जे निघालं ते विजापूर_वेस म्हणतात तसंच, अर्धी वाटी चुना. कॅमचे पैसे रेडिएटरला गेले. हेडर घेणार आहे, त्यावर वाद घालू नका.

होटगीरोड_रायडर
हेडरचा आवाज मोठा झाला तर पुणे नाक्यावर पावती फाडावी लागेल, एवढं लक्षात ठेव. कॅम मी शोधून ठेवतो. दिवाळीपर्यंत तुझाच फोन येणार.