लिनक्सवर स्क्रीन शेअर करताना आवाज कसा पाठवता? अनुभव लिहा

कळफलक
दिवाळी पहाटेचं रेकॉर्डिंग परदेशातल्या मंडळींना दाखवायचं म्हटलं की हा प्रश्न पुन्हा वर येतो. चित्र जातं, आवाज इथेच राहतो. वेलँडवर (लिनक्सची पडद्यावर चित्र दाखवणारी नवी व्यवस्था) स्क्रीन शेअरिंगचं पोर्टल, म्हणजे ब्राउझरला स्क्रीन देणारा दुवा, फक्त चित्र देतं, आवाजाची वाट वेगळी काढावी लागते. कोण कशी काढतं?

रिकामटेकडा
क्रोम. पूर्ण स्क्रीन नाही, टॅब निवडायचा आणि टॅबच्या आवाजाचं बटण चालू ठेवायचं. संपला विषय. फायरफॉक्समध्ये ही सोयच नाही.

मावळतीकर
आणि फाइल व्हीएलसीत असेल तर? पाव्हुकंट्रोल (कुठला आवाज कुठे जायचा ते ठरवणारा प्रोग्राम) उघडा, रेकॉर्डिंगच्या टॅबवर ब्राउझरसमोर माइकऐवजी 'मॉनिटर ऑफ…' (स्पीकरला जाणाऱ्या आवाजाची नक्कल) निवडा. कॉल चालू असतानाच ब्राउझर तिथे दिसतो, आधी शोधत बसू नका.

कळफलक
मग माइक गेला ना?

मावळतीकर
गेला. शिवाय स्पीकरला जाणारं सगळंच परत जातं. आत्याला तिचाच आवाज ऐकू येणार.

सुपारी
आत्या तशाही स्वतःचंच ऐकतात 😂

टर्मिनलवाला
नीट करायचं तर पॅक्टीएलने (टर्मिनलमधला आवाजाचा हुकूम) दोन नल-सिंक, म्हणजे खोटे स्पीकर, बनवा, 'गाणी' आणि 'मिश्रण'. प्लेअरचा आवाज 'गाणी'त सोडा. मग लूपबॅक (इकडचा आवाज तिकडे नेणारी जोडणी) तीन: गाणीचा मॉनिटर ते मिश्रण, माइक ते मिश्रण, गाणीचा मॉनिटर ते तुमचा हेडफोन (नाहीतर तुम्हालाच काही ऐकू येणार नाही). ब्राउझरला माइक म्हणून मिश्रणाचा मॉनिटर द्या. समोरच्यांचा आवाज थेट हेडफोनला जातो, त्यामुळे प्रतिध्वनी नाही.
क्रोम माइकच्या यादीत मॉनिटर दाखवत नाही. पाव्हुकंट्रोलमधून बदला, नाहीतर रीमॅप-सोर्स मॉड्यूलने त्याला माइकचं सोंग द्या.

झिलई
+१. लूपबॅकचा विलंब मुळात २०० मिलिसेकंद असतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ३० द्या. चरचरलं तर ६०.

स्वरानंद
सगळं जोडलं तरी तानपुरा गायब होतो, कारण नॉइज कॅन्सलेशनला सलग सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटते. मीटमध्ये ते बंद करा, झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' घ्या.

रिकामटेकडा
झूममध्ये एवढा खटाटोपच नको. शेअरच्या खिडकीत 'शेअर साउंड'वर टिक करा.

सुपारी
माझ्याकडे लिनक्स मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप. चालेल?

टर्मिनलवाला
चालेल. सिनॅमन नेहमीच्या सेटिंगला एक्स११वर (वेलँडच्या आधीची व्यवस्था) असतं, पण आवाजाचं काम तेच. मिंट २२ला आवाज सांभाळायला पाइपवायर ही नवी यंत्रणा आहे (फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.१० पासून तिथेही), पॅक्टीएलचे हुकूम त्यावरही चालतात. फक्त रीस्टार्ट केलं की ही मॉड्यूलं (सिंक, लूपबॅक) पुसली जातात. चार ओळींची स्क्रिप्ट लॉगिनला लावून ठेवा.

झिलई
चार नाही, पाच. दोन सिंक, तीन लूपबॅक.

सुपारी
रीमॅप धरून सहा. बरं, पहाटेचं रेकॉर्डिंग आहे कोणाकडे?