साधी फाईल हवी, पण आईची वाक्यं हरवायला नकोत

रामबाग, इंदूर

बाबा नव्वदीला टेकलेत. त्यांच्या आठवणींचं पुस्तक छापून हातात द्यायचं आहे, घरच्यांपुरत्या १०० प्रती. पहिली चार प्रकरणं टायपिंगवाल्याने कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केली, पुढची मी मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये. प्रेसने फाईल परत पाठवली, "ताई, सगळं फॉरमॅटिंग काढून साधा मजकूर द्या."

मी सगळं नोटपॅडमध्ये टाकलं. कृतिदेवच्या भागाची इंग्रजी अक्षरं झाली. पण खरं दुखलं ते वेगळंच. बाबांनी आईचं बोलणं तिरक्या अक्षरांत ठेवलं होतं, अवतरणचिन्हं कुठेच नाहीत. "पायऱ्या उतरलो. छत्री राहिली. मागे वळलो नाही." यातली छत्री आईच्या तोंडची आहे. आता ती बाबांचीच वाटते. अशा दीड-दोनशे जागा असतील. बाबांना आता वाचून दाखवावं लागतं, त्यामुळे एकेक जागा विचारून ताडणं अवघड आहे. मूळ फाईल जपून ठेवली आहे. काय करू?

जुळारी

मूळ फाईल आहे म्हणजे काही बिघडलेलं नाही. तिची एक प्रत करा आणि तिच्यावरच काम करा.

तुमचा क्रम उलटा झाला. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना देवनागरी रूप फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की रूप गेलं. म्हणून आधी ती चार प्रकरणं कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर देवनागरीच राहील. मध्ये खरे इंग्रजी शब्द असतील तर ते आधी बाजूला काढा, नाहीतर कन्व्हर्टर त्यांचंही काहीतरी करून ठेवतो. कन्व्हर्टर तिरकेपणा बहुतेक टाकून देतो, तेव्हा या चार प्रकरणांत आईची वाक्यं मूळ प्रतीशी ताडून हातानेच खुणावा.

बाकीच्यासाठी वर्डमध्ये शोधा-बदला उघडा. शोधायच्या चौकटीत काही लिहू नका, फक्त कंट्रोल-आय दाबा, म्हणजे तिरकी अक्षरं शोधली जातील. बदलायच्या चौकटीत दोन हॅश, मग टोपीचं चिन्ह आणि अँपरसँड, पुन्हा दोन हॅश, असं: ##^&##. प्रत्येक तिरक्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना हॅश बसतील. आधी एका पानावर करून पाहा. मग सगळं निवडून कंट्रोल-स्पेस आणि कंट्रोल-क्यू. पहिल्याने अक्षरांचं फॉरमॅटिंग जातं, दुसऱ्याने परिच्छेदांचं. नोटपॅड नकोच, तळटीपा असतील तर त्याही तिथे जातात. हॅश म्हणजे तिरकं, एवढं प्रेसला लिहून कळवा.

प्रेसवाले त्रास देत नाहीत, हेही सांगतो. इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये आम्ही पुस्तकाची एक शैली ठरवतो. वर्डमधून आलेलं फॉरमॅटिंग तिच्यावर चढून बसतं आणि शैलीच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसत राहतं. मग शैलीत अक्षर अर्धा पॉइंट मोठं केलं तरी ते परिच्छेद जागचे हलत नाहीत.

रामबाग, इंदूर

हॅश बसले! आईची छत्री परत आली.

दोन स्पेसचा एक करताना मात्र एक पान विस्कटलं. १९४५-४६ च्या रणजीत होळकर संघाने इथेच म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केले, सहा शतकं. बाबा आजोबांच्या खांद्यावर बसून गेले होते. त्यांचा धावफलक स्पेस मारमारून केला होता, तो एका ओळीत गोळा झाला.

लष्कर, ग्वाल्हेर

धावफलक मूळ फाईलमधून पुन्हा घ्या, प्रत्येक नाव आणि आकडा यांत एकच टॅब ठेवा, आणि "इथे तक्ता" असं वर लिहून द्या.

आणखी एक पाहा. न दिसणारी चिन्हं काढायचा कुठला उपाय केलात का? मी आमच्या स्मरणिकेत केला होता. "आचाऱ्यांनी भात करपवला" याचं "आचार्यांनी भात करपवला" झालं होतं आणि ते तसंच छापलं गेलं. काही कीबोर्ड हा अर्धा र साध्या र-पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून करतात. ते पुसलं की र उडून रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून साफसफाईच्या आधीच तो र बदलून नुक्त्याचा र (ऱ) घाला, त्याला जोडचिन्ह लागत नाही.

रामबाग, इंदूर

शोधून पाहिलं. आमच्या पुस्तकात लग्नाचा आचारी आहे, सात ठिकाणी. सातही जागी आचार्य झालेला होता. दुरुस्त करून उद्या सकाळी फाईल नेते, आज रात्री बाबांना ते प्रकरण वाचून दाखवते.